डॉक्टर टॉमस यंग आणि पानावरचा थेंब

मृगाच्या सरी पडून गेल्या म्हणजे परसांतील अळूच्या पानांवर पाण्याचे थेंब पाऱ्याच्या गोळ्यांप्रमाणें इकडून तिकडे धांवतांना आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिले असतील. पान किंचित् कललें कीं थेंब घरंगळून खालीं पडतो आणि पान मात्र कोरडें तें कोरडेंच राहतें. ऐहिक वैभवाच्या क्षणभंगुरतेस आपल्याकडे अळवावरच्या पाण्याची उपमा देतात ती ह्यावरूनच. परंतु उपमा देऊन झाली तरी प्रश्न शिल्लक राहतोच. तेंच पाणी पाटीवर पसरतें, कपड्यांत मुरतें, कांचेला चिकटून बसतें. मग अळूच्या किंवा कमळाच्या पानावरच तें गोळा होऊन कां राहतें? ह्या प्रश्नाच्या उत्तराचा पाया ज्यांनीं घातला त्या पुरुषाचें चरित्र यंदाच्या अंकांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस डॉक्टर टॉमस यंग हें नांव अगदींच अपरिचित नसेल. प्रकाशाच्या धड्यांत दोन फटींचा जो प्रयोग येतो तो त्यांच्याच नांवावर आहे, आणि तार ताणली असतां ती किती लांबते हें सांगणाऱ्या गुणांकासही त्यांचेंच नांव दिलेलें आहे. इजिप्तच्या प्राचीन लिपीचें कोडें उलगडणाऱ्यांतही ते होते. ह्या तिन्ही गोष्टी एकाच मनुष्याच्या हातून झाल्या हें ऐकून कित्येकांस नवल वाटेल. पाण्याच्या थेंबाविषयीं त्यांनीं लिहिलेला निबंध मात्र ह्या सर्वांच्या मागें दडून राहिला, आणि तो कां दडला हें त्यांचें चरित्र पाहिल्यावांचून नीट समजत नाहीं.

टॉमसचा जन्म ता. १३ जून १७७३ रोजीं इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यांतील मिल्व्हर्टन ह्या गांवीं झाला. दहा भावंडांत तो सर्वांत वडील. वडिलांचा कापडाचा व्यापार व सावकारी होती. कुटुंब क्वेकर पंथाचें. ह्या पंथाचे लोक स्वतःस मित्रसमाज म्हणवितात. साधा पोशाख, मोजकें भाषण, शपथ न घेणें, शस्त्र न धरणें हे त्यांचे नियम. नाच आणि नाटक त्या काळीं त्यांस वर्ज्य असे. टॉमसच्या बालपणाचा बराचसा काळ आजोळीं गेला. दोन वर्षांचा असतांना तो वाचूं लागला, आणि चार वर्षांचा होईपर्यंत त्यानें सबंध बायबल दोन वेळां वाचून काढलें होतें. हें वाचून एखाद्या पालकास आपल्या मुलाविषयीं काळजी वाटूं लागेल, तर ती त्यांनीं वाटूं देऊं नये. असें मूल शतकांतून एखादेंच निपजतें.

पुढें डॉर्सेट परगण्यांतील काँप्टन येथील शाळेंत तो १७८२ पासून १७८६ पर्यंत होता. तेथील एका साहाय्यक शिक्षकानें ह्या मुलाची हुशारी ओळखून त्याला आपलीं पुस्तकें वाचावयास दिलीं, कांतकाम शिकविलें आणि दुर्बीण कशी तयार करावी हें दाखविलें. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच व इटालियन ह्या भाषा तर झाल्याच. शिवाय हिब्रू, अरबी व फारसी ह्यांचाही अभ्यास त्यानें स्वतः होऊन आरंभिला. चौदाव्या वर्षीं तो हर्टफर्ड परगण्यांतील एका सधन क्वेकर कुटुंबांत राहावयास गेला. त्या घरचा हडसन गर्नी हा मुलगा त्याच्याहून सुमारें दीड वर्षानें लहान. दोघे एकत्र शिकत. पण खरें पाहतां मोठा मुलगा धाकट्यास शिकवी. हीच मैत्री जन्मभर टिकली आणि यंग ह्यांच्या मृत्यूनंतर त्यांचें पहिलें चरित्र गर्नी ह्यांनींच लिहिलें.

ह्याच सुमारास टॉमसनें साखर खाण्याचें सोडलें. त्या काळीं इंग्लंडांत येणारी साखर वेस्ट इंडीज बेटांतील मळ्यांची असे, आणि ते मळे आफ्रिकेंतून पकडून नेलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत. ज्या गोडीमागें माणसांची विक्री आहे ती आपणांस नको, असें ठरवून ह्या मुलानें तें व्रत कित्येक वर्षें पाळलें. त्याच्या विद्वत्तेच्या कथांपेक्षां ही गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते.

आईचे चुलते डॉक्टर ब्रॉकल्सबी हे लंडनमधील नामांकित वैद्य होते. त्यांच्या सल्ल्यानें यंग ह्यांनीं वैद्यकाचा अभ्यास धरला. १७९३ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, डोळा जवळच्या व दूरच्या वस्तूंवर आपली दृष्टि कशी जुळवून घेतो ह्याविषयीं त्यांचा निबंध रॉयल सोसायटींत वाचला गेला. डोळ्यांतील भिंगाचा आकारच बदलतो असें त्यांचें म्हणणें होतें. दुसऱ्याच वर्षीं ते त्या सोसायटीचे सभासद झाले. मग एडिंबरो, तेथून जर्मनींतील गॉटिंगेन, आणि १७९६ सालीं वैद्यकाची पदवी. ह्या प्रवासांत ते नाच, संगीत व घोड्यावर बसणें शिकले आणि मित्रसमाजाचे बाह्य नियम हळूहळू त्यांच्यापासून सुटले. परंतु मोजक्या शब्दांत बोलण्याची लहानपणची संवय सुटली नाहीं, आणि तीच त्यांस पुढें भोंवली असें आम्हांस वाटतें. १७९७ सालीं ते केंब्रिजला दाखल झाले. तेथील सहाध्यायी त्यांस चमत्कार ह्या अर्थाच्या टोपणनांवानें ओळखीत. त्यांत कौतुक किती आणि थट्टा किती हें सांगणें कठीण. त्याच वर्षाच्या अखेरीस डॉक्टर ब्रॉकल्सबी वारले व आपलें लंडनचें घर, ग्रंथसंग्रह आणि सुमारें दहा हजार पौंड यंग ह्यांस ठेवून गेले. पोटाची विवंचना संपली. १७९९ सालीं लंडनमध्यें त्यांनीं आपला वैद्यकीचा धंदा सुरू केला.

१८०१ सालीं रॉयल इन्स्टिट्यूशन ह्या नव्या संस्थेंत ते पदार्थविज्ञानाचे अध्यापक झाले. तेथें हम्फ्री डेव्ही हे रसायनशास्त्रावर व्याख्यानें देत व ती ऐकावयास शहरांतील स्त्रीपुरुषांची दाटी होई. यंग ह्यांच्या व्याख्यानांस तशी गर्दी कधींच झाली नाहीं. ज्या गोष्टीस तीन दिवस लागावेत ती ते एका तासांत सांगून मोकळे होत. आपणांस जें उघड दिसतें तें ऐकणारासही उघड दिसत असेल अशी त्यांची समजूत असे, आणि बुद्धिमान् शिक्षकाच्या हातून होणाऱ्या चुकांत हिच्याइतकी मोठी दुसरी नाहीं. १८०३ सालीं त्यांनीं ती जागा सोडली. तीं व्याख्यानें १८०७ सालीं दोन मोठ्या खंडांत छापून निघाली. त्यांची छाननी करणारे त्यांतून अजूनही नवें कांहीं शोधून काढतात. कार्यशक्ति ह्या अर्थीं एनर्जी हा शब्द पदार्थविज्ञानांत प्रथम तेथेंच आला.

ह्याच तीन वर्षांत प्रकाश हा लाटांच्या रूपानें चालतो, आणि दोन लाटा एकमेकींत मिळाल्या असतां कोठें उजेड वाढतो तर कोठें उजेडांत उजेड मिळून अंधार होतो, हें त्यांनीं मांडलें. न्यूटनचें मत निराळें होतें. आणि इंग्लंडांत न्यूटनच्या विरुद्ध बोलणें म्हणजे देवळांत चपला घालून शिरण्यासारखें होतें. १८०३ सालीं एडिंबरो रिव्ह्यू ह्या वजनदार नियतकालिकांत हेन्री ब्रूम ह्यांनीं, नांव न देतां, यंग ह्यांच्या निबंधांची निर्दय टवाळी केली. यंग ह्यांनीं उत्तरादाखल एक पुस्तिका छापली. तिची एकच प्रत खपली.

अशा दिवसांत, ता. २० डिसेंबर १८०४ रोजीं, द्रवपदार्थांच्या संलग्नतेवरील त्यांचा निबंध रॉयल सोसायटींत वाचला गेला. त्याच वर्षीं त्यांचें एलायझा मॅक्सवेल ह्यांच्याशीं लग्न झालें होतें. निबंध १८०५ सालीं छापला गेला. आमच्या विषयाचें मूळ तेथें आहे, म्हणून त्यांतील मुख्य विचार आम्ही जरा सावकाश सांगतों.

पाण्याचे कण एकमेकांस ओढून धरतात. आंतल्या कणास चहूंकडून सारखी ओढ असते. पण पृष्ठभागावरील कणास वरून ओढणारें फारसें कोणी नसतें, म्हणून तो आंत खेंचला जातो. परिणाम असा होतो कीं, पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पातळ पडद्यासारखा वागतो व शक्य तितका लहान होऊं पाहतो. मोकळा सोडलेला लहान थेंब गोल होतो तो ह्याच कारणानें, कारण दिलेल्या पाण्यास सर्वांत लहान पृष्ठभाग गोलाचाच असतो. पडद्याची ही कल्पना यंग ह्यांच्यापूर्वींची आहे. त्यांनीं नवें केलें तें असें: हा थेंब एखाद्या घनपदार्थावर बसला म्हणजे काय होतें तें त्यांनीं पाहिलें.

थेंबाच्या कांठाशीं तीन राज्यांच्या सीमा मिळतात: पाणी, हवा आणि खालचा घनपदार्थ. प्रत्येक सीमेला आपापला ताण आहे. घनपदार्थ व हवा ह्यांच्यामधील ताण थेंबाचा कांठ बाहेर ओढतो. घनपदार्थ व पाणी ह्यांच्यामधील ताण तो आंत ओढतो. आणि पाण्याचा स्वतःचा पडदा त्याला आपल्या तिरप्या दिशेनें खेंचतो. मैदानावरील रस्सीखेंचींत दोन बाजू असतात, येथें तीन आहेत. तिघांचा तोल साधतो तेथें कांठ थांबतो, आणि पाण्याची बाजू खालच्या पृष्ठभागाशीं एक ठराविक कोन करून उभी राहते. यंग ह्यांचा सिद्धांत हा कीं, द्रव आणि घनपदार्थ ह्यांची प्रत्येक जोडी घेतली तर तिचा कोन ठरलेलाच असतो. थेंब मोठा असो वा लहान, कोन तोच. ह्यास आज संपर्ककोन म्हणतात. स्वच्छ कांचेवर पाण्याचा कोन जवळजवळ शून्य, म्हणून पाणी पसरतें. गुळगुळीत मेणावर तो सुमारें १०५ ते ११० अंश, म्हणून थेंब फुगतो. कांचेवर पाऱ्याचा सुमारें १४० अंश. बारीक नळींत पाणी वर कां चढतें आणि पारा खालीं कां उतरतो ह्याचाही उलगडा ह्याच कोनानें होतो. शाईटिपाच्या कागदापासून दिव्याच्या वातीपर्यंत किती गोष्टी ह्या एका नियमाखालीं आल्या हें विद्यार्थ्यांनीं स्वतःच मोजून पाहावें.

इतका मोठा विचार, पण तो लिहिला कसा? बीजगणिताच्या चिन्हांऐवजीं यंग ह्यांनीं सारें प्रतिपादन शब्दांत केलें, आणि तेंही इतक्या थोड्या शब्दांत कीं, जाणत्यांचाही पाय अडखळावा. कोनाचा नियम तर एका लहानशा परिच्छेदांत उरकलेला आहे. आकृत्यांची मदत नाहीं, पायऱ्या नाहींत. दुसऱ्याच वर्षीं, १८०६ सालीं, फ्रान्समधील महागणिती लाप्लास ह्यांनीं बारीक नळीतील द्रवांवर आपला प्रबंध प्रसिद्ध केला. पृष्ठभागाची वक्रता व आंतील दाब ह्यांचा जो संबंध यंग ह्यांनीं शब्दांत सांगितला होता तो लाप्लास ह्यांनीं समीकरणांनीं पायरीपायरीनें सिद्ध केला, आणि युरोपांतील विद्वानांनीं तो त्यांच्याच ग्रंथांतून शिकून घेतला. यंग ह्यांस ह्याचें वाईट वाटलें. १८०९ सालीं त्यांनीं नांव न घालतां लाप्लास ह्यांच्या प्रबंधावर कडक टीकाही लिहिली. त्यांची तक्रार अगदींच निराधार होती असें नाहीं. तथापि आमच्या मतें दोष सर्वस्वी जगाचा नव्हता. शोध लावणें हें अर्धें काम. तो दुसऱ्यास समजेल असा सांगणें हें उरलेलें अर्धें. प्रकाशाच्या बाबतींतही असेंच झालें. १८१५ नंतर फ्रेनेल ह्यांनीं लाटांची उपपत्ति गणितानें मांडली तेव्हां कोठें ती लोकांस पटूं लागली.

पुढील आयुष्य थोडक्यांत सांगतों. शास्त्रांत फार लक्ष घालणारा वैद्य रोग्यांस आवडत नाहीं ह्या भीतीनें ते आपले कित्येक लेख नांवावांचून छापीत. १८११ सालीं ते लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयांत वैद्य झाले. १८१४ पासून त्यांनीं रोझेटा येथें सांपडलेल्या शिलेवरील लेखाकडे लक्ष वळविलें. तिच्यावर एकच मजकूर इजिप्तच्या दोन लिप्यांत आणि ग्रीक भाषेंत कोरलेला आहे. लांबट चौकटींतील चिन्हांवरून टॉलेमी राजाचें नांव त्यांनीं बरेंचसें बरोबर वाचलें व १८१९ सालीं आपलें काम प्रसिद्ध केलें. पण सबंध लिपीची किल्ली १८२२ सालीं फ्रेंच पंडित शांपोल्यों ह्यांच्या हातीं लागली. येथेंही आरंभ यंग ह्यांचा आणि शेवट दुसऱ्याचा. १८१८ पासून नाविक पंचांगाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. मूलबाळ नव्हतें. अखेरच्या दुखण्यांत ते प्राचीन इजिप्शियन भाषेच्या कोशाचें काम अंथरुणावर पडल्या पडल्या शिसपेन्सिलीनें करीत. ता. १० मे १८२९ रोजीं, छप्पन्नावें वर्ष संपण्यापूर्वीं, ते वारले. केंट परगण्यांतील फार्नबरो येथें त्यांस पुरलें, आणि वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें त्यांच्या स्मरणार्थ शिलालेख बसविला आहे.

आतां आपल्या पानाकडे वळूं. अळूच्या व कमळाच्या पानावर मेणाचा लेप असतो, हें खरें. परंतु यंग ह्यांच्या नियमाप्रमाणें गुळगुळीत मेणावर कोन ११० अंशांच्या पलीकडे फारसा जात नाहीं, आणि कमळाच्या पानावर तो सुमारें १६० अंश भरतो. मग नियम चुकला काय? नियम चुकला नव्हता; तो सपाट पृष्ठभागासाठीं होता, आणि पान सपाट नव्हतें. १९३६ सालीं अमेरिकेंत वेन्झेल ह्यांनीं दाखविलें कीं, पृष्ठभाग खडबडीत केला असतां जो मुळांत पाणी टाळतो तो अधिकच टाळूं लागतो. १९४४ सालीं, महायुद्ध चालू असतांना, लीड्स येथील लोकरीच्या संशोधनसंस्थेंतील कॅसी व बॅक्स्टर ह्यांनीं आणखी एक पाऊल टाकलें: उंचवट्यांच्या मधल्या खांचांत हवा अडकून राहिली तर थेंब अर्धा घनपदार्थावर व अर्धा हवेवर बसतो, आणि हवेवर पाणी चिकटणार कोठें? पुढच्याच वर्षीं त्यांनीं हाच विचार झाडांचीं पानें व पक्ष्यांचीं पिसें ह्यांस लावून दाखविला. बदक पाण्यांतून कोरडें निघतें तें केवळ अंगच्या तेलकटपणानें नव्हे, पिसांच्या बारीक जाळीनें.

पानावरील हे उंचवटे डोळ्यांनीं पाहावयास मिळाले ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यंत्र वनस्पतिशास्त्रज्ञांच्या हातीं आल्यावर. जर्मनींतील बार्टलॉट ह्यांनीं १९७० नंतरच्या वर्षांत अशा यंत्राखालीं पुष्कळ जातींचीं पानें तपासलीं. कमळाच्या पानावर मिलिमीटरच्या सुमारें शंभराव्या भागाएवढे असंख्य टेंगूळ आहेत, आणि प्रत्येक टेंगळावर त्याहूनही कितीतरी बारीक मेणाच्या नळ्यांचें गवत उगवलेलें आहे. थेंब ह्या टोंकांवर तरंगतो. खालीं हवेचा थर असल्यामुळें त्याची खालची बाजू चांदीसारखी चमकते. अळूचें पान पाण्याच्या बादलींत बुडवून तिरकस पाहिलें तर सबंध पानच रुपेरी दिसतें; हा प्रयोग घरीं कोणासही करतां येईल. मग तेंच पान बोटानें चांगलें चोळावें व पुन्हां थेंब टाकावा. मेणाचीं बारीक टोंकें मोडलेलीं असतात, आणि थेंब तेथें चिकटतो.

अशीं पानें नेहमीं स्वच्छ असतात हें बार्टलॉट ह्यांच्या लक्षांत आलें होतें. धूळही ह्या टोंकांवरच टेंकलेली असते; घरंगळणारा थेंब तिला आपल्या अंगावर घेऊन खालीं उतरतो. चिखलांत उगवूनही कमळ निर्मळ राहतें, हें पूर्वेकडील लोकांस फार पूर्वींपासून ठाऊक होतें. त्याचें कारण बार्टलॉट व त्यांचे सहकारी नाइनहुइस ह्यांनीं १९९७ सालीं सविस्तर प्रसिद्ध केलें. १९९९ सालीं ह्याच तत्त्वावर तयार केलेला, पावसाच्या पाण्यानें स्वच्छ होणारा भिंतीचा रंग जर्मनींत विक्रीस आला. मागाहून कांच व कापड ह्यांवरही असे लेप देण्यांत येऊं लागले. अडचण एकच आणि ती मोठी: घासल्यानें टोंकें झिजतात. जिवंत पान झिजलेलें मेण पुन्हां घालूं शकतें. भिंतीस तें साधत नाहीं.

ह्या विषयावरील ग्रंथ उघडला म्हणजे आरंभींच यंगचें समीकरण म्हणून एक ओळ येते. त्यांत तीन ताण आहेत आणि एक कोन आहे. वेन्झेल, कॅसी, बॅक्स्टर ह्या सर्वांनीं आपापलें काम त्याच ओळीवर उभारलें. ती ओळ अशा रूपांत यंग ह्यांच्या निबंधांत मात्र सांपडत नाहीं. तिचीं चिन्हें मागाहून दुसऱ्यांनीं लिहिलेलीं आहेत.